गाडीची किल्ली हरवली : पैसे नेमके कशाचे लागतात आणि कुठे वाचतात

"किल्ली सापडत नाहीये हो. सर्व्हिस सेंटरवाला अठरा हजार म्हणतोय. देऊन टाकू का?"

पार्ल्यातल्या आमच्या सोसायटीत घरं 42, गाड्या त्याहून थोड्या कमी. तरी दर दोन-तीन महिन्यांनी मला असा एक फोन येतोच. मी ना मेकॅनिक ना विमा एजंट. पण आमच्या घरात सहा महिन्यांत गाडीच्या दोन्ही किल्ल्या गेल्या आणि त्या निमित्ताने वर्कशॉप, चावीवाले, विमा कंपनी, पोलीस असं सगळं मी पायी फिरून पाहिलं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगते, ते एकदा नीट लिहून ठेवतेय.

पैसे भरायची घाई करू नका. गाडी जागेवर उभी आहे. अर्धा तास डोकं शांत ठेवून तपासलं तर निम्म्या वेळा खर्च बराच खाली येतो.

अपवाद एकच. किल्ली आत राहून गाडी लॉक झाली आणि आत लहान मूल आहे, तर किल्लीचा विचारही करायचा नाही. उन्हातली बंद गाडी काही मिनिटांत तापते. 112 लावा, आणि मूल कासावीस दिसलं तर त्याच्यापासून लांबची खिडकी फोडा. काच नवी बसते.

आधी बघा, किल्लीच बिघडलीय का

तिसऱ्या मजल्यावरचे काका मंगळवारी पहाटे सिद्धिविनायकाला गेले होते. दर्शन घेऊन आले तर गाडी उघडेना. त्यांची गाडी बटण-स्टार्टची. रिमोट दाबून दाबून थकले आणि टोइंगवाल्याला फोन लावून बसले. मी विचारलं, "किल्ली हातात आहे ना?" होती. मग त्यांना सांगितलं, रिमोटच्या कडेला एक छोटा खटका असतो, तो सरकवा, आतून लोखंडी किल्ली निघेल. दाराच्या हँडलपाशी किल्लीचं भोक असतं, काही गाड्यांत त्यावर प्लास्टिकचं झाकण असतं. दार उघडताना अलार्म वाजला तरी घाबरू नका. आत बसा, ब्रेक दाबा आणि तो मेलेला रिमोटच स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबा. गाडी लागली. टोइंगवाल्याला परत फोन करून नको म्हणून सांगितलं.

रिमोटमधला सेल संपला तरी इंजिन चालू करायची परवानगी देणारी चिप सेलवर अवलंबून नसते. अगदी जवळ आणली की गाडीतल्या कॉइलमधून तिला लागेल तेवढी वीज मिळते. काही मॉडेलमध्ये बटणाऐवजी कन्सोलमध्ये एक ठरावीक जागा असते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ती चित्रासकट दिलेली असते, आजच बघून ठेवा. दुसऱ्या दिवशी काकांनी सीआर 2032 सेल घातला, विषय संपला. हा नाण्याएवढा सेल शंभर रुपयांच्या आसपास मिळतो. त्याचा नंबर म्हणजे त्याचं माप असतं : 20 मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड. दुकानदाराने 2025 दिला तर तो आत बसतो, पण पातळ असल्यामुळे सैल राहतो आणि कधी लागतो, कधी लागत नाही. जुन्या सेलवरचा नंबर वाचूनच नवा घ्या.

किल्ली फिरवून चालू होणाऱ्या गाड्यांची तऱ्हा थोडी वेगळी. सेल्फ लागतो पण इंजिन पकडत नाही, किंवा पकडून लगेच बंद पडतं, आणि डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत राहतं, याचा अर्थ गाडीला चिप ओळखू आलेली नाही. त्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली असेल तर ती काढून पुन्हा प्रयत्न करा, दोन चिपा शेजारी आल्या की कधी कधी वाचन गडबडतं. मग घरातली दुसरी किल्ली लावून बघा. दुसरीने गाडी चालू झाली तर दोष पहिल्या किल्लीत आहे, गाडीत नाही. हे वर्कशॉपमध्ये स्पष्ट सांगा, म्हणजे कुणी गाडीचा कॉम्प्युटर उघडायची भाषा करणार नाही. आणि सेल्फच लागत नसेल, दिवे मिणमिणत असतील, तर बिचाऱ्या किल्लीचा काही संबंध नाही. गाडीची बॅटरी उतरलीय.

पावसात भिजलेल्या किल्लीबद्दल जुलै-ऑगस्टमध्ये हमखास विचारणा होते. सेल लगेच काढायचा. समुद्राचं पाणी गेलं असेल तर सेल काढल्यावर गोड्या पाण्याने हलकेच धुवायचं, कारण मीठ राहिलं की आतली पट्टी सडते. दोन दिवस सावलीत वाळू द्यायचं, हेअर ड्रायर लावायचा नाही. बटणं मेली तरी चिप बंदिस्त असल्यामुळे बहुतेक वेळा जिवंत राहते आणि गाडी चालू होते. मग फक्त रिमोटचा प्रश्न उरतो, आणि तो सावकाश सोडवता येतो.

एवढे पैसे कशाचे?

आपण जिला एक किल्ली म्हणतो तिच्यात तीन वेगळ्या वस्तू असतात. कुलपात फिरतं ते लोखंडी पातं, दार उघडणारा रिमोट आणि डोळ्याला न दिसणारी चिप. पातं कापायला चावीवाल्याला काही मिनिटं लागतात. खरा खर्च चिपचा, म्हणजे त्या चिपची गाडीशी ओळख करून देण्याचा आहे.

किल्ली फिरवली की इग्निशनभोवतीची कॉइल चिपला जागं करते, चिप आपला कोड सांगते, तो जुळला तरच गाडीचा कॉम्प्युटर इंजिन चालू राहू देतो. याला इमोबिलायझर म्हणतात. मारुतीच्या गाड्यांत हीच गोष्ट आयकॅट्स या नावाने येते. म्हणून फुटपाथवर दोनशे रुपयांत केलेली डुप्लिकेट दार झकास उघडते आणि इंजिनापाशी येऊन थांबते. चावीवाल्याने फसवलेलं नसतं, त्याने पातं बरोबर कापलेलं असतं. गाडी त्या किल्लीला ओळखत नसते इतकंच.

आमच्या सोसायटीतली आणि नातेवाइकांची बिलं समोर ठेवून मुंबईतले साधारण आकडे सांगते. हातात एक चालू किल्ली असताना दुसरी करून घ्यायचा हा खर्च आहे. जुन्या गाडीची चिप नसलेली किल्ली दीडशे ते तीनशे. चिप आहे पण रिमोट नाही अशी दीड हजार ते साडेतीन हजार. रिमोटवाली फ्लिप किल्ली तीन ते सात हजार. बटण-स्टार्टची स्मार्ट किल्ली सात हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत. महागड्या परदेशी गाड्यांचा आकडा तीस हजारांच्या पुढेच सुरू होताना मी पाहिलाय. हे आकडे फोनवर घासाघीस करताना अंदाज म्हणून वापरा. तुमच्या मॉडेलचा खरा आकडा लेखी एस्टिमेटमध्येच कळेल.

एक हरवली की दोन्ही?

मला फोन येतो तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच असतो. पुढचं सगळं गणित या उत्तरावर फिरतं, आणि हे आम्ही फार महागात शिकलो.

6 सप्टेंबर 2025, अनंत चतुर्दशी. गाडी पार्ल्यातच होती, आम्ही ट्रेनने दादरला गेलो. यांच्या पँटच्या खिशात सवयीने किल्ली राहिली होती. दादर चौपाटीला कमरेएवढ्या पाण्यात बाप्पाला निरोप दिला, घरी आलो, खिसा रिकामा. वाईट वाटलं, पण कपाटात दुसरी किल्ली होती. सर्व्हिस सेंटरने नव्या किल्लीचे 3,900 रुपये सांगितले. दिवाळी तोंडावर होती, आम्ही म्हटलं नंतर बघू. त्या "नंतर"चं मला आजही वाईट वाटतं.

फेब्रुवारीत ती दुसरी किल्ली यांच्या ऑफिसच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात होती. सकाळची लोकल, अंधेरीची गर्दी. चर्चगेटला उतरून बघतात तर चेन उघडी. 139 वर नोंद केली, रेल्वे सुरक्षा दलाकडे विचारलं. पश्चिम रेल्वेवर सापडलेल्या सामानाचे फोटो 'मिशन अमानत' नावाखाली संकेतस्थळावर टाकतात, ते आठवडाभर रोज पाहिले. लोकलमध्ये काही हरवलं तर हे जरूर करा, लोकांच्या वस्तू मिळतात. आमची मिळाली नाही.

मग खरा त्रास सुरू झाला. एकही किल्ली नसली की गाडी वर्कशॉपला चालवत नेता येत नाही. स्टिअरिंग लॉक झालेलं. आमचं पार्किंग इमारतीखाली, छत बुटकं, टोइंगचा फ्लॅटबेड आत येईना. पुढची चाकं छोट्या ट्रॉलीवर चढवून गाडी इंच-इंच बाहेर काढली, तीन तास गेले. ज्यांच्याकडे यंत्रावरचं, वर-खाली सरकणारं पार्किंग आहे किंवा ऑटोमॅटिक गाडी पी गिअरमध्ये अडकलेली आहे, त्यांचं याहून कठीण. रोडसाइड असिस्टन्स असेल तर आधी त्यांनाच फोन करा. घरून दुसरी किल्ली आणून देणं किंवा जवळच्या वर्कशॉपपर्यंत टोइंग बहुतेक योजनांत असतं. नव्या किल्लीची किंमत मात्र त्यात नसते. आमचं असिस्टन्स डिसेंबरात संपलेलं होतं.

पहिल्या वर्कशॉपने सांगितलं, "मॅडम, दोन्ही किल्ल्या गेल्या म्हणजे ईसीएमच बदलावा लागेल," आणि या ईसीएमचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, एक्केचाळीस हजारांचा आकडा तोंडी फेकला. मी लेखी मागितलं. पार्ट नंबर टाकून द्या म्हटलं, तर दोन दिवस टोलवाटोलवी झाली. त्याच कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपला फोन केला, चॅसी नंबर सांगितला. तिथल्या सुपरवायझरने सरळ सांगितलं की या मॉडेलला कंपनीकडून सिक्युरिटी कोड मागवता येतो, डॅशबोर्डखालच्या पोर्टला स्कॅनर लावून जुन्या किल्ल्या पुसून नव्या घालता येतात, ईसीएमला हात लावायची गरज नाही. काही गाड्यांत मॉड्यूल खरोखरच बदलावं लागतं, तेव्हा पहिला माणूस खोटंच बोलला असं प्रत्येक वेळी धरू नका. पण हा प्रश्न याच शब्दांत विचारा : "या मॉडेलला कोड मागवून प्रोग्रामिंग होतं का, आणि होत नसेल तर का?" उत्तर पार्ट नंबरसकट कागदावर घ्या.

आमचं शेवटचं बिल असं झालं. पूर्ण लॉकसेट, म्हणजे इग्निशन, दारं आणि डिकीची कुलपं व रिमोटच्या दोन किल्ल्या, 7,400. कोड आणि प्रोग्रामिंग 1,200. मजुरी 1,600. त्यावर 18 टक्के जीएसटी 1,836. टोइंगवाल्याला 3,000. एकूण 15,036 रुपये, आणि पाच दिवस रिक्षा-टॅक्सी. सप्टेंबरात 3,900 भरले असते तर निदान टोइंग आणि ते पाच दिवस तरी वाचले असते. जीएसटीवरून आठवलं, 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के आहे. एस्टिमेटवर अजून 28 लिहिलेलं दिसलं तर तिथेच बोट ठेवा.

कुलपं बदलायची का?

लॉकसेटचा खर्च टाळता आला असता का, असं मला बरेच जण विचारतात. आमच्या बाबतीत नाही. लोकलमध्ये गेलेल्या किल्लीला सोसायटीचा पार्किंगचा बिल्ला अडकवलेला होता, त्यावर सोसायटीचं नाव आणि गाडीचा नंबर. ज्याला किल्ली सापडली असेल त्याला गाडी कुठे उभी असते हेही सापडलं.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. स्कॅनरने हरवलेली किल्ली पुसली की त्या किल्लीने इंजिन चालू होत नाही. पण तिचं पातं तसंच राहतं, त्यामुळे दार उघडतंच. आतली बॅग, कागद, म्युझिक सिस्टिम सगळं उघड्यावर. म्हणून किल्ली कुठे आणि कशासोबत हरवली यावर ठरवा. समुद्रात गेली तर कुलपं बदलायची काही गरज नाही, किल्लीच्या नंबरावरून नवी किल्ली कापा, जुनी पुसा, झालं. पाकिटासोबत, पत्त्यासोबत किंवा घराच्या आसपास गेली असेल तर लॉकसेटचे पैसे घाला. आणि तो बिल्ला आजच किल्लीतून काढून ठेवा.

प्रोग्रामिंगला जाताना घरातल्या उरलेल्या सगळ्या किल्ल्या सोबत न्या. बऱ्याच गाड्यांत नवी किल्ली नोंदवताना जुनी यादी पुसून सगळ्या किल्ल्या नव्याने नोंदवाव्या लागतात. घरी राहिलेली किल्ली यादीबाहेर पडते आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला वाटतं तीही बिघडली.

चावीवाल्याकडे जावं का?

जावं, पण काम बघून. साधी किल्ली, तुटलेलं पातं, फ्लिप किल्लीची सैल झालेली स्प्रिंग किंवा फाटलेलं रबर यासाठी सर्व्हिस सेंटरची पायरी चढू नका. चांगला चावीवाला जुन्या किल्लीतली चिप आणि सर्किट नव्या कव्हरमध्ये घालून देतो, गाडी तशीच चालते. कुर्ल्याचा सीएसटी रोड तर गाड्यांच्या सामानासाठीच ओळखला जातो, तिथे कव्हरंही मिळतात. शिवाय मुंबईत आता स्कॅनर घेऊन पार्किंगमध्ये येणारेही बरेच आहेत. ज्यांची गाडी बाहेर काढणंच अवघड आहे त्यांना टोइंगचे पैसे वाचतात, हा मोठा फायदा.

माझ्या अटी दोन. त्याने आरसी आणि ओळखपत्र मागितलं पाहिजे. मागत नसेल तर त्याला परत पाठवा, कारण तुमची गाडी दाखवून किल्ली करून मागणाऱ्या परक्यालाही तो काही विचारणार नाही. आरसीची प्रत सोबत नसेल तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली दाखवा. दुसरी अट, काम तुमच्या डोळ्यांसमोर व्हावं आणि नव्या किल्लीने इंजिन तीन-चारदा बंद-चालू करून मगच पैसे द्यावेत. किल्ली रात्रभर दुकानात ठेवून यायचं नाही.

तो जुन्या चिपचा क्लोन करून देतोय की नवी चिप नोंदवतोय, हे जरूर विचारा. क्लोन स्वस्त पडतो, पण गाडीला दोन्ही किल्ल्या एकच वाटतात. उद्या मूळ किल्ली हरवली आणि ती पुसायची म्हटलं तर क्लोनही त्याबरोबर जातो. स्मार्ट किल्लीचा जुना, दुसऱ्या गाडीचा रिमोट स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, बरेच रिमोट एकदा एका गाडीशी जोडले की दुसरीला लागत नाहीत.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी दोन्ही किल्ल्या मिळाल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये. आमच्याच बी विंगमधल्या मुलाने एका किल्लीवर गाडी घेतली, "दुसरी गावाला आहे, पाठवतो" यावर विश्वास ठेवून. ती आजतागायत आलेली नाही. त्याला मी हाताला धरून वर्कशॉपला नेलं, नवी किल्ली करवली आणि यादीतल्या बाकी सगळ्या पुसून घेतल्या. ती गावाकडची किल्ली कुणाच्या हातात आहे हे त्याला कधीच कळणार नाही, निदान तिने गाडी तरी निघणार नाही.

पोलीस आणि विमा

एकच किल्ली हरवली, गाडी चालू आहे, म्हणून बरेच जण कुणालाच काही कळवत नाहीत. आम्हीही सप्टेंबरात कळवलं नाही. ही चूक फार महाग पडू शकते. पुढे कधी गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी गाडीच्या दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एकच पुढे केली की दुसरी कुठे गेली, गाडीतच तर राहिली नव्हती ना, हे प्रश्न सुरू होतात आणि लाखांचा क्लेम अडकतो. हरवली त्याच आठवड्यात नोंद केलेली असेल तर तुमच्याकडे तारखेसह कागद असतो.

मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूची नोंद घरबसल्या करता येते, तिची प्रिंट काढून ठेवा. लोकलमध्ये किंवा स्टेशनात गेली असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे जा. कुणी चोरली अशी खात्री असेल तर मात्र हरवल्याची नोंद पुरेशी नाही, रीतसर तक्रार द्या. मग त्या कागदासह विमा कंपनीला ईमेल करा.

पॉलिसीत किल्लीसाठी वेगळं अॅड-ऑन आहे का, तेही त्याच बैठकीत बघा. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत ते नसतं. असेल तर वर्षात किती वेळा आणि किती रकमेपर्यंत मिळतं, लॉकसेट त्यात धरतात का आणि क्लेम घेतला तर नो क्लेम बोनसला धक्का लागतो का, हे विचारून घ्या. आणि कंपनीचा होकार येईपर्यंत काम सुरू करू नका, नंतर दाखवलेलं बिल नाकारायला त्यांना सोपं जातं.

नव्या गाडीसोबत किल्ल्यांना एक छोटा बिल्ला अडकवलेला येतो, त्यावर किल्लीचा नंबर कोरलेला असतो. लोक तो पहिल्या दिवशी काढून ड्रॉवरमध्ये टाकतात आणि विसरतात. दोन्ही किल्ल्या गेल्यावर त्याच नंबरावरून पातं कापता येतं. तो शोधा, गाडीत ठेवू नका, किल्लीच्या जुडग्यातही नको.

आमचा आता आईकडे गिरगावात आहे, तिच्या लोखंडी कपाटात, आणि त्याच्याशेजारी मार्चमध्ये करून घेतलेली तिसरी किल्ली. दर दोन महिन्यांनी आईकडे जाते तेव्हा ती घेऊन खाली उतरते, त्या किल्लीने एकदा दार उघडते, इंजिन चालू करते आणि परत कपाटात ठेवून येते.